खाली पडलेल्या रॉकेटांचा हिशेब

अलास्काच्या उत्तर भागात रानात फिरणाऱ्या एखाद्या शिकाऱ्याला कधी शेवाळात तोंड खुपसून पडलेली पोलादी नळी दिसते. व्यास सुमारे 44 सेंटीमीटर, लांबी माणसाच्या उंचीच्या तिप्पट, आत काही नाही. ही ‘ब्लॅक ब्रँट’ जातीच्या रॉकेटची जळून रिकामी झालेली मोटर. ती इथे कशी आली आणि तिला उचलून नेण्याची जबाबदारी कोणाची, या साध्या प्रश्नाचं उत्तर मिळायला चाळीसहून जास्त वर्षं गेली.

फेअरबँक्सच्या ईशान्येला सुमारे 50 किलोमीटरवर, चाटानिका गावाजवळ पोकर फ्लॅट हे रॉकेट प्रक्षेपण केंद्र आहे. अलास्का विद्यापीठाच्या भूभौतिकी संस्थेतले नील डेव्हिस यांनी 1968 मध्ये ते उभं करायला घेतलं. नाव उचललं ब्रेट हार्ट यांच्या कथेतून. जागा मात्र पूर्ण विचार करून निवडलेली. अभ्यास करायचा होता इथल्या आकाशातल्या ध्रुवीय प्रकाशाचा, आणि तो पेटतो साधारण 100 किलोमीटर उंचीवर. तिथवर फुगा पोचत नाही आणि उपग्रह त्याच्या बराच वरून जातो. त्या थरातून उपकरणं न्यायची तर काही मिनिटांत वर जाऊन खाली येणारं रॉकेटच हवं. आपल्याकडच्या थुंबा प्रक्षेपण केंद्रातून उडालेली अशी रॉकेटं समुद्रात पडतात. पोकर फ्लॅटहून ती उत्तरेला सुटतात आणि आर्क्टिक महासागर येईपर्यंत खाली शेकडो किलोमीटर जमीनच जमीन.

या जमिनीवर पडणाऱ्या तुकड्यांचं काय, हे त्या काळी कोणी विचारलं नाही, कारण विचारायला लावणारा कायदाच नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली 1 जानेवारी 1970 रोजी. सरकारी काम हाती घेण्याआधी त्याचे परिणाम आणि त्याला असलेले पर्याय लिहून काढा, ही सक्ती तिथून आली. आपल्याकडे 1994 च्या अधिसूचनेने आलेलं पर्यावरण परिणाम मूल्यांकन आणि पुढची जनसुनावणी याच घराण्यातली.

मग खालची जमीन बदलली. म्हणजे तीच राहिली, कागदावर बदलली. 1980 च्या एका कायद्याने युकॉन फ्लॅट्स वन्यजीव अभयारण्य झालं, आर्क्टिक अभयारण्य वाढलं. शिवाय ग्विचिन या मूळ रहिवाशांच्या जमिनीही रॉकेटांच्या याच वाटेवर होत्या. आता रॉकेटचा तुकडा पडू द्यायलासुद्धा परवाना लागू लागला.

नासाने 2000 साली आपल्या साऱ्या अशा रॉकेटांचा एकत्र आढावा घेतला होता. पण परवाने देणाऱ्या खात्यांनी आणि स्थानिकांनी पडलेल्या भंगाराचा प्रश्न लावून धरला. छोट्या तपासणीवर भागेना. एप्रिल 2011 मध्ये नासाने सविस्तर परिणाम अहवाल करण्याचं जाहीर केलं. सप्टेंबर 2012 मध्ये मसुदा लोकांपुढे ठेवला आणि जुलै 2013 मध्ये अंतिम अहवाल आला.

या अहवालातला सगळ्यांत मोलाचा भाग मला वाटतो तो साफसफाईचा. एक पर्याय होता, सापडेल तो प्रत्येक तुकडा काढायचा. ऐकायला हाच बरा. पण तिथे रस्ते नाहीत, जायचं ते हेलिकॉप्टरने. त्या आवाजाने घरट्यावरचे पक्षी उठतात, कॅरिबूंचे कळप बिथरतात. रुतलेली नळी उपसताना टुंड्राची साल निघते, आणि ती भरून यायला फार वर्षं लागतात. म्हणून ठरलं ते असं: शोध मनापासून घ्यायचा, पण काढण्याने जास्त नुकसान होणार असेल तिथे तुकडा राहू द्यायचा. कोणाला भंगार दिसलं तर हात न लावता जागा कळवावी, त्याबद्दल बक्षीस.

हा निर्णय योग्यच होता. पण 1968 मध्ये, पहिली मोटर रानात पडण्याआधी, हे लिहून काढलं असतं तर त्या नळ्या कुठे आहेत हे तरी माहीत असतं. आपल्याकडे किनाऱ्यावर, डोंगरावर प्रकल्प येतो तेव्हा जनसुनावणीला जा, आणि काम संपल्यावर मागे काय राहणार हे आधी विचारा.