म्हापशाचा शुक्रवारचा बाजार

उत्तर गोव्यातील बार्देस तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या म्हापसा शहरात दर शुक्रवारी भरणारा आठवड्याचा बाजार. येथील नगरपालिका बाजार पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीस, १९६० मध्ये, आखीव रचनेनुसार उभा राहिला. गल्ल्यांतली पक्की दुकाने रोज उघडी असतात. शुक्रवारी मात्र आसपासच्या गावांतून आणि शेजारच्या सिंधुदुर्गातून आलेल्या विक्रेत्या मोकळ्या जागेत गोणपाट अंथरून बसतात. बाजाराचा खरा जीव या गोणपाटांवर आहे. परसात पिकलेले चार नारळ, तांबड्या भाजीच्या जुड्या, घरी वाळवलेली सोले, असा थोडाथोडका माल दुकानापर्यंत पोचत नाही. तो इथेच मिळतो.

मयड्याची लांब, जाड केळी येथे हमखास दिसतात. ती नुसती खाण्यापेक्षा हलव्यासाठी अधिक घेतली जातात. काणकोणची खोला मिरची (भौगोलिक मानांकन २०२०) लालभडक रंगासाठी मागितली जाते. माडाचा काळा गूळ, उकडे तांदूळ आणि दोरीत ओवून जपमाळेसारखे टांगलेले डुकराच्या मांसाचे चोरिस हाही नेहमीचा माल. कारागिरांकडे मातीची भांडी म्हणजे कुंडली, बांबूची सुपे व टोपल्या, हिराच्या केरसुण्या, कोयते मिळतात. कुंडले घेताना गिऱ्हाईक त्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारते. आवाज खणखणीत आला नाही, तर ते बाजूला ठेवते.

एप्रिल-मेमध्ये बाजाराला सर्वांत मोठी गर्दी होते. पावसाळ्याची बेगमी, म्हणजे ‘पुरुमेंत’, करण्याचे हे दिवस. समुद्रातली मासेमारी थांबण्याआधी सुके बांगडे आणि सुंगटे, वर्षभराच्या मिरच्या, चिंच, कांद्याच्या माळा घरात यायला हव्यात. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचे, म्हणजे मेरी मातेचे, फेस्तही याच सुमारास येते. तिला आणि शिरगावच्या लईराई देवीला बहिणी मानतात, म्हणून हिंदू भाविकही तिला तेल वाहतात. फेस्ताच्या फेरीत, म्हणजे जत्रेत, तर सगळेच असतात.

चतुर्थीच्या आधी बाजार पुन्हा पालटतो. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीसाठी सुपारीचे घड, तोरिंजन, चिबूड, आंबाडे, फागला आणि कित्येक रानफळे विकायला येतात. ती कोणत्या रानात, कधी सापडतात हे ती गोळा करणाऱ्यांनाच ठाऊक असते, आणि त्या माहितीचे मोल फळाच्या भावात कधीच धरले जात नाही. हणजुणचा बुधवारचा बाजार मुख्यतः पर्यटकांसाठी वाढला. म्हापशाला तेही येतात, पण भाव ठरतो तो स्वयंपाकघर चालवणाऱ्या बायकांच्या घासाघिशीत. घरचा माल आणणाऱ्या विक्रेत्या तो संपला की उठतात, त्यामुळे त्यांच्याकडून घ्यायचे असेल तर सकाळीच पोचावे आणि पक्क्या गाळ्यांपेक्षा कडेच्या गोणपाटांकडे आधी वळावे.