काळ्या पाषाणातील स्फटिक आणि प्रकाशाची साक्ष

पालीच्या शिवारात विहीर खोदताना सुरुंग उडाला म्हणजे काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून पांढरे, चकाकणारे स्फटिक बाहेर पडतात, हे ज्या ज्या ज्ञातिबांधवांनी विहीर पाडली आहे त्यांस सांगावयास नकोच. आपण त्यांस सरसकट गारगोटी म्हणतो व मुलांच्या हाती खेळावयास देतो. वस्तुतः त्यांतील पुष्कळ दगड गारगोटीचे नसून ‘झिओलाइट’ नावाच्या निराळ्याच कुळातील असतात. या कुळाच्या व त्याच्या सोबत्यांच्या पोटी दडलेले धातू विद्वानांनी कसे ओळखले, त्याचा वृत्तांत स्मरणिकेच्या वाचकांस सादर करीत आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर साचले. त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे ऊन पाणी झिरपून त्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढले. इ. स. 1756 मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजज्ञाने असा एक दगड फुंकणीच्या ज्योतीवर धरला, तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून ग्रीक भाषेतील ‘उकळणे’ व ‘दगड’ या दोन शब्दांवरून त्याने हे नाव बनविले. दगडात पाणी असते आणि ते निघून गेले तरी दगडाचा सांगाडा बहुधा तसाच उभा राहतो, ही मोठी नवलाची गोष्ट होय.

हा सांगाडा सिलिकॉन, अॅल्युमिनियम व प्राणवायू यांच्या अणूंचा असून त्यात जागोजाग छिद्रे असतात. ही छिद्रे मिलिमीटरच्या कोट्यंशाच्या पाच-सात पटींएवढी, म्हणजे कल्पनेनेच पाहावयाची. अॅल्युमिनियममुळे सांगाड्यावर ऋण विद्युद्भार येतो. तो फेडण्यासाठी सोडियम, कॅल्शियम इत्यादी धातूंचे धनभारित अणू, ज्यांस आयन म्हणतात, छिद्रांत येऊन बसतात. हे बिऱ्हाडकरू आहेत, घरमालक नव्हेत. एक उठून दुसरा त्याच्या जागी येऊ शकतो. जड पाणी मऊ करण्याची युक्ती याच अदलाबदलीवर चालते.

आपल्या प्रांताचा या इतिहासाशी संबंध जुना आहे. ब्रुक या इंग्रज खनिजज्ञाने 1831 मध्ये पुण्याकडील एका स्फटिकास नवे खनिज समजून ‘पुनालाइट’ असे नाव दिले. पुढे तो मेसोलाइट हाच जुना झिओलाइट निघाला व पुण्याचे नाव यादीतून गेले! त्या काळी दगड दळावा, आम्लात विरघळवावा आणि साका तोलावा, हीच परीक्षेची रीत होती. घर पाडून आत किती माणसे होती हे मोजण्यासारखाच हा प्रकार. कोण कोणत्या खोलीत व कोणत्या स्थितीत बसला होता, हे त्यातून कसे कळावे?

ते सांगण्यास प्रकाश पुढे आला. 1859–60 मध्ये किर्खोफ व बुन्सेन यांनी हायडेलबर्ग येथे दाखविले की, तापलेल्या प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशपटात त्याच्या स्वतःच्याच रेघा उमटतात. हे शास्त्र आपल्या मुलखात लवकरच पोहोचले. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातून वर्णपटदर्शक लावून सूर्याच्या ज्वाळांतील तेजस्वी रेघा पाहिल्या. सूर्यापर्यंत पोहोचलेली ही विद्या पायाखालच्या दगडापर्यंत येण्यास मात्र आणखी शंभर वर्षे लागली.

पुण्याच्या परिसरात झिओलाइटांच्या सोबतीने अॅपोफिलाइट नावाचा एक स्फटिक सापडतो. तो खरा झिओलाइट नव्हे, पण त्याच पोकळ्यांतला शेजारी. बहुधा रंगहीन असणारा हा दगड कधीकधी पोपटी हिरवा निघतो. हा रंग कोणाचा? अमेरिकेतील जॉर्ज रॉसमन यांनी 1974 मध्ये त्यातून प्रकाश पाठवून कोणता भाग शोषला जातो ते मोजले आणि चार धनभारांचे व्हॅनेडियम हे त्याचे कारण ठरविले. दगड फोडावा लागला नाही, विरघळवावा लागला नाही. पुढे 1988 च्या सुमारास वाघोलीच्या दगडखाणींत गर्द निळा कॅव्हन्साइट विपुल मिळाला. त्याच्या नावातच कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकॉन यांची आद्याक्षरे गुंफलेली आहेत. तोही व्हॅनेडियमचाच रंग; आणि गंमत अशी की, स्फटिक एका दिशेने निळा व दुसऱ्या दिशेने जवळजवळ रंगहीन दिसतो.

रंग नसलेल्या धातूंचे काय, हा प्रश्न पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुटू लागला. 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या संस्थेत डॉ. पॉल रत्नसामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतच झिओलाइट घडविले. 1990 मध्ये त्यांनी टायटॅनियम घातलेला ‘टीएस-2’ हा सच्छिद्र स्फटिक प्रसिद्ध केला. येथे टायटॅनियम किती, यापेक्षा ते कोठे, हे महत्त्वाचे. ते सांगाड्यात एकेकटे बसले तर हायड्रोजन पेरॉक्साइडकडून उपयुक्त रसायने करून घेते. बाहेर ऑक्साइडचा गोळा होऊन राहिले तर महागडे पेरॉक्साइड फुकट नासते. तोलून पाहता दोन्ही सारखेच! अतिनील प्रकाशात मात्र भेद उघड होतो. एकेकटे टायटॅनियम 210 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते, तर ऑक्साइडचा गोळा 330 च्या आसपास. पेरॉक्साइड भेटल्यावर टायटॅनियमला चिकटलेला प्राणवायू कोणते रूप घेतो, हेही पुढे तेथील संशोधकांनी चुंबकीय क्षेत्रात सूक्ष्मलहरी सोडून तपासले. एवढे सूक्ष्म काम पुण्यात झाले, याचे मला तरी फार अप्रूप वाटते.

ज्ञातिभगिनी व मुले शिर्डीस जातात, त्यांनी वाट थोडी वाकडी करून सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय अवश्य पाहावे. आपल्या विहिरींतून निघणाऱ्या दगडांचे भाऊबंद तेथे काचेच्या कपाटांत मांडलेले आहेत. खाणींतील स्फटिकांपैकी जे उत्तम व कोणाच्या नजरेस पडतात, ते परदेशी संग्राहकांकडे जातात. उरलेले, आतील धातूंसह, खडीच्या यंत्रात दळले जाऊन रस्त्यावर पडतात.