लग्नगडी

वारली तरुणाला लग्न करायचं तर पैसा लागे, आणि पैसा असे फक्त जमीनदार-सावकाराकडे. कर्ज काढलं की तो त्याचा ‘लग्नगडी’ होई. नवी नवरीही मालकाच्या वाड्यावर राबायला जाई. मालकाची वाईट नजर तिच्यावर पडली तर दाद मागायला जागा नव्हती. हिशेबाची वही मालकाची, त्यामुळे कर्ज फिटता फिटत नसे. बापामागून मुलगा त्याच दावणीला. 1930च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या अहवालात हे सारं सरकारपुढे मांडलं. गडी मात्र सुटला नाही.

त्याच सुमारास पुण्याच्या एका सधन वकील घराण्यातली मुलगी मुंबईत घरकामगारांची संघटना बांधत होती. गोदावरी गोखले, पुढच्या गोदावरी परुळेकर. त्याआधी, 1927 साली, मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली ती पुण्यातच, आणि विषय होता स्त्रीशिक्षण. त्या सभागृहात लग्नगड्याच्या बायकोला जागा नव्हती. गोदावरीबाई पुढे थेट तिच्या झोपडीत जाऊन राहिल्या. मला त्यांचं सगळं मोठेपण इथे दिसतं. वकिलीची पदवी, घरची सुबत्ता, भारत सेवक समाजाचं आजीव सदस्यत्व हे सगळं मागे ठेवून त्या वारल्यांची भाकरी खात गावोगाव पायी फिरल्या.

जानेवारी 1945मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेला माह्या धांगडा आणि त्यांचे काही वारली सोबती गेले. तिथे त्यांनी गोदावरीबाईंना आपल्या भागात येण्याचं बोलावणं दिलं. 23 मे रोजी तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि ठरलं: वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही. मग वारली स्वतःच जथ्याने मालकांच्या दारात गेले आणि गडी सोडवून आणू लागले. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. तरी मोकळा झालेला गडी परत वाड्यावर गेला नाही.

‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात गोदावरीबाईंनी हे लिहिलं. ते 1970 साली आलं. त्यानंतर सहा वर्षांनी वेठबिगारीविरुद्ध देशाचा कायदा झाला. कायदा होऊनही आपल्या वसई तालुक्यात वेठबिगार होतेच. 1980च्या दशकात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने त्यांना सोडवलं, तेही मार खाऊन, खटले अंगावर घेऊन.

आज वाड्याची जागा वीटभट्टीने घेतली आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, किंवा लग्न ठरलेलं असतं, तेव्हा भट्टीमालक उचल देतो. दिवाळीनंतर कातकरी, वारली कुटुंबं ती फेडायला भट्टीवर जातात. हजार विटांचा भाव जोडप्याला मिळून ठरतो आणि हिशेब नवऱ्याच्या नावावर लागतो. बायकोने थापलेल्या विटांची वेगळी नोंद कुठल्याच वहीत होत नाही.