खोक्यातला पूल



पुलाचा इतिहास सांगायचा म्हटले की साधारणतः मोठ्या नावांपासून आरंभ होतो. अमक्या इंजिनियराने तो आखला, अमक्या राजपुत्राने तो खुला केला, अमक्या साली त्यावरून पहिली गाडी धावली. आज मी आपल्यापुढे आणला आहे तो पूल याहून पुष्कळ लहान आहे. तो खेळण्यांच्या दुकानात मिळतो, पुठ्ठ्याच्या खोक्यात मावतो आणि दोन रविवारांत जुळवून होतो. अशा विषयाला व्याख्यानमालेचे व्यासपीठ कशाला, असे कोणाच्या मनात येईल. परंतु खेळणी ही मोठ्यांच्या जगाची टिपणे असतात. टिपणात काय उतरले आणि काय गळले, हे पाहिले म्हणजे टिपण करणाऱ्याची नजर कळते.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या संगतीत. संघटनेच्या कामात आयुष्य गेल्यामुळे मला एक खोड जडली आहे. तयार वस्तू हातात आली की ती कोणाच्या हातून झाली, हे विचारल्यावाचून राहवत नाही. त्याच खोडीने हे खोके उघडून पाहू.

खोके उघडले की प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले बारीक बारीक भाग दिसतात: बाजूच्या तुळया, तिरपे टेकू, आडवे गज, रूळ ठेवण्याचा पाट. प्रत्येकाला आकडा असतो आणि सोबतच्या कागदावर कोणता आकडा कोठे बसतो याचे चित्र असते. भाग चिमट्याने तोडायचा, तुटल्या जागेचा काटा कानशीने घासायचा, आणि मग चिकटवायचा. हा चिकटा आपल्या खळीसारखा नसतो. तो प्लॅस्टिकला किंचित विरघळवतो व दोन तुकडे एकजीव करतो. म्हणून दोन्ही बाजू गुण्याला लावून काटकोनात धराव्या लागतात, कारण एकदा वाकडे जुळले की सुटत नाही. विलायतेत प्रचलित असलेल्या एका मापात खऱ्या पुलाच्या एका फुटाला चार मिलिमीटर धरतात. त्या हिशोबाने साठ फुटांची तुळई चोवीस सेंटिमीटरांची, आणि सहा फुटी माणूस बोटाच्या दोन पेरांहून लहान. रिव्हेटचे डोके तर मोहरीहूनही बारीक; पण तेही साच्यातच उठवलेले असते, एकही मारावे लागत नाही.

मग रंग. आधी अस्तराचा फिका हात, त्यावर गेरूसारखा तांबडा किंवा करडा. तो वाळला की काळपट रंग पाण्यासारखा पातळ करून सांध्यांतून सोडायचा, म्हणजे खाचांत मळ साचल्यासारखा दिसतो. शेवटी जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवायचा. जिथे पाणी ठिबकेल तिथे गंजाचा ओघळ काढायचा. ज्याने खरा पूल नीट न्याहाळला आहे, त्याचाच खोटा पूल खरा दिसतो. आमच्या संघटनेतल्या एका फिटरच्या मुलाने असा पूल जुळवून कचेरीत दाखवायला आणला होता. बापाने तो हातात फिरवून पाहिला, मुलाची पाठ थोपटली आणि म्हणाला, "सगळं झकास आहे. पण ह्याच्यावर माणसं कुठायत?" त्या प्रश्नाचा माग काढीत मी जे वाचले, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट अशी की खोक्यातून पूल येणे ही खेळण्यातली युक्ती नव्हे. खरे पूलच आधी खोक्यांतून आले. १८४८ साली इंग्लंडात जेम्स वॉरन याने सारख्या त्रिकोणांच्या तुळईचे पेटंट घेतले. सगळे त्रिकोण सारखे, म्हणून तुकडेही सारखे. या गुणाचा पुरेपूर उपयोग ज्याने केला, त्याचा संबंध आपल्या मुलखाशी येतो. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा इंजिनियर कर्नल केनेडी याच्यासमोर गुजरातेपासून मुंबईपर्यंत नद्या आणि खाड्या पसरल्या होत्या. प्रत्येकीसाठी वेगळा पूल आखण्याऐवजी त्याने साठ फुटांचा एकच गाळा ठरवला. खाली बिडाचे खांब, वर वॉरनच्या तुळया. भाग विलायतेत ओतायचे, जहाजाने आणायचे आणि इथे जोडायचे. एका पुलाचा तुकडा दुसऱ्या पुलाला चालावा, असा बेत. खाडी रुंद असली तर गाळे जास्त, अरुंद असली तर कमी. वसईची खाडी अशाच गाळ्यांनी ओलांडली गेली, आणि १८६४ साली ही गाडी मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचली.

कागदावर हा बेत किती सुटसुटीत वाटतो! परंतु तळाशी स्क्रू असलेला बिडाचा खांब गाळात आपोआप शिरत नाही. लांब दांडे लावून, माणसे व बैल जुंपून, घाण्यासारखा तो फिरवावा लागे. भरतीच्या वेळी काम थांबे, पावसाळ्यात यंत्रणाच उठे. आणि नदीला आकडे घातलेला कागद वाचता येत नाही. भडोचला नर्मदेच्या पुरांनी तो पूल पुनःपुन्हा मोडला. अखेर १८८१ साली तिथे नवा पूल उभा राहिला. केनेडीचे नाव ग्रंथांत आहे, वॉरनचे नाव तर तुळईलाच चिकटले आहे. वसईच्या चिखलात छातीपर्यंत उभे राहून ज्यांनी दांडे रेटले, त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही.

हाच बेत पुढे मुलांच्या हातात कसा आला, हेही पाहण्यासारखे आहे. लिव्हरपूल शहरात फ्रँक हॉर्नबी नावाचा कारकून मांसाची आयात करणाऱ्या एका पेढीत हिशेब लिहीत असे. मुलांसाठी तो पत्र्याची खेळणी करी. प्रत्येक खेळण्याला वेगळे भाग करावे लागत, हीच त्याची अडचण. रेल्वेच्या प्रवासात एक यारी पाहून त्याला सुचले, असे त्याने पुढे सांगितले, की भोके पाडलेल्या सारख्या पट्ट्या केल्या तर त्याच पट्ट्यांची आज यारी आणि उद्या पूल करता येईल. अर्ध्या इंचाची पट्टी, अर्ध्या अर्ध्या इंचावर भोक, आणि जोडायला नट-बोल्ट. १९०१ साली त्याने पेटंट घेतले. १९०७ साली 'मेकॅनो' हे नाव आले, आणि १९१४ साली लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. केनेडीच्या गाळ्यांत आणि हॉर्नबीच्या पट्ट्यांत तत्त्व एकच: सारखे तुकडे, अदलाबदल करता येणारे. १९२६ साली त्या पट्ट्यांना तांबडा आणि हिरवा रंग चढला. कित्येक पिढ्यांतल्या मुलांनी आपला पहिला पूल या पट्ट्यांनी बांधला.

आता ज्या पुलाच्या प्रतिकृती जगभर हौसेने केल्या जातात, त्याच्याकडे वळू. स्कॉटलंडात फोर्थच्या खाडीवरचा रेल्वेपूल ४ मार्च १८९० रोजी खुला झाला. त्याच्या आधी दहा वर्षे, २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री, टे नदीवरचा पूल वादळात गाडीसकट कोसळला होता. त्यामुळे लोकांचा पुलांवरचा विश्वास उडाला होता. फोर्थचा पूल सर जॉन फाउलर आणि बेंजामिन बेकर यांनी आखला. तो उभा कसा राहील, हे लोकांना पटवण्यासाठी बेकरने १८८७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जे चित्र दाखवले, ते माझ्या मते जगातला सर्वांत सुंदर नमुना-पूल आहे. दोन माणसे खुर्च्यांवर बसून हात पसरून काठ्यांना धरून आहेत. बाहेरच्या बाजूंना विटांचे वजन टांगले आहे. आणि मधल्या फळीवर, अधांतरी, एक तरुण जपानी इंजिनियर बसला आहे. त्याचे नाव काइची वातानाबे. तो ग्लासगोला शिकून या पुलावर काम करीत होता. बसलेल्यांचे हात ताणले जातात, काठ्या दाबल्या जातात, आणि वातानाबे खाली पडत नाही. म्हणजे पुलाच्या या नमुन्यात तुळया नव्हत्या, रूळ नव्हते. होती ती माणसेच.

हा पूलही एका अर्थी खोक्यातलाच. साउथ क्वीन्सफेरीच्या कामावर बारा फूट व्यासाच्या पोलादी नळ्यांचे भाग आधी आवारात जमिनीवर जुळवले जात, भोके पाडली जात, खुणा घातल्या जात. मग ते सोडवून वर नेऊन पुन्हा जुळवीत. पण इथे साच्यातून उठलेले रिव्हेट नव्हते. सुमारे ६५ लाख रिव्हेट एकेक तापवून, लालभडक असताना भोकात घालून बसवावे लागले. तापवायला पोरगा, मागून धरायला एक, ठोकायला बाकीचे. आणि खाली समुद्र. एकेका मोठ्या गाळ्याची लांबी १७१० फूट. खेळण्याच्या मापात मांडला तर एकटा गाळाच जवळजवळ सात मीटर भरेल, म्हणजे आपल्या घरच्या दिवाणखान्यात मावणार नाही.

रंगाचीही तीच कथा. पोलादाचा पत्रा घासून त्याला उकळलेले जवसाचे तेल, ज्याला आपले रंगारी बेलतेल म्हणतात, ते देत. त्यावर शेंदराचे हात, आणि वर लोखंडाच्या गंजापासूनचा तांबडा रंग. एका टोकाकडून रंगवीत दुसऱ्या टोकाला पोहोचावे तो पहिल्या टोकाला पुन्हा रंग द्यायची वेळ यावी, अशी त्याची ख्याती झाली. इंग्रजीत न संपणाऱ्या कामाला त्या पुलाच्या रंगकामाचीच उपमा देतात. २००२ ते २०११ या काळात जुने थर खरवडून नवा टिकाऊ रंग दिला, तेव्हा कुठे ही उपमा जुनी झाली. खेळण्यातल्या गंजाला आपण कौतुकाने कुंचला लावतो; तोच गंज रोखायला माणसे सव्वाशे वर्षे दोराला लोंबकळली.

या कामावर ऐन भराच्या वेळी ४६०० च्या आसपास माणसे होती. आजारपण व अपघातासाठी कामगारांच्या वर्गणीचा निधी होता, आणि पडणाऱ्याला उचलायला खाली होड्या ठेवलेल्या असत. त्यांनी आठजणांचे प्राण वाचवले. तरी माणसे मेली. किती? पुष्कळ वर्षे ५७ हा आकडा छापला जात होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्या भागातल्या हौशी संशोधकांनी जुन्या नोंदी चाळल्या, आणि आकडा ७३ झाला. २०१२ साली खाडीच्या दोन्ही काठांना त्यांचे स्मारक उभारले गेले. जरा विचार करा. पोलाद किती टन लागले हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. माणसे किती लागली हे कळायला शंभराहून अधिक वर्षे गेली.

खोकी बनवणाऱ्यांचे काय झाले, तेही सांगून टाकतो. १९७० नंतर मेकॅनोचा कारखाना एअरफिक्स कंपनीकडे गेला. प्लॅस्टिकचे नमुने विकणारी हीच ती प्रसिद्ध कंपनी. रेल्वेच्या पुलाचे खोकेही तिने विकले. ३० नोव्हेंबर १९७९ या दिवशी बिन्स रोडच्या नऊशेंहून अधिक कामगारांना ऐनवेळी सांगण्यात आले की कारखाना बंद. त्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या. कामगारांनी कारखान्याचा ताबा घेतला आणि ते आत बसून राहिले. पुढल्या वर्षी त्यांना बाहेर काढले. १९८१ च्या जानेवारीत खुद्द एअरफिक्सचेही दिवाळे वाजले. साचे मात्र टिकले. ते दुसऱ्यांनी विकत घेतले, आणि त्याच पुलाची खोकी नव्या नावाने पुन्हा दुकानांत आली. साच्याला गिऱ्हाईक मिळते, साच्यापाशी उभ्या असलेल्या बाईला मिळत नाही.

हे ऐकून कोणी म्हणेल, यांनी पोरांच्या खेळातही संप घुसवला. तसे नाही. मुलांनी पूल जरूर जुळवावेत. हाताला मोजमाप कळते, डोळ्याला सरळ रेषा कळते, आणि चूक लपवता येत नाही हे कळते. जो मुलगा हे शिकला तो पुढे इंजिनियर होवो की फिटर, कामाचा मान राखील. माझे मागणे एवढेच आहे की पूल पुरा झाल्यावर त्यावर चारदोन माणसे बसवावीत. त्या मापाची माणसे बाजारात मिळतात, न मिळाल्यास काडीची करता येतात. एक रिव्हेट तापवणारा पोरगा, एक दोराला लोंबणारा रंगारी, खाली एक होडी. मुलगा विचारील, ही कोण? मग त्याला वसईच्या खाडीतले दांडे रेटणारे सांगा, फोर्थचे त्र्याहत्तर सांगा, बिन्स रोडवरच्या बाया सांगा. तेवढे सांगितले तरी त्या फिटरच्या प्रश्नाला आपण थोडे उत्तर दिले असे होईल.