वहीतली आजी आणि प्रकल्पातली आजी

उन्हाळा लागला की बाह्य परीक्षक म्हणून माझ्या नांदेड-लातूर फेऱ्या सुरू होतात. एसटीने लोहा, अहमदपूर, चाकूर. कॉलेजात पोचले की पंखा घरघरणाऱ्या एका खोलीत टेबलावर स्पायरल बाइंडिंग केलेले प्रकल्प रचून ठेवलेले असतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.ए.ला संशोधन प्रकल्प आला, पण आमच्या विषयात असे प्रकल्प आधीपासूनच होत आलेत, आणि इतिहासात ‘कर्तबगार स्त्रिया’ हा मुलांचा आवडता विषय. विषय ठरवून घ्यायला आलेल्या विद्यार्थ्याला मार्गदर्शकही बहुधा तोच सुचवतात. साधने सापडतात, वाद होत नाही.

निम्म्याहून अधिक प्रकल्प सावित्रीबाई, जिजाऊ आणि अहिल्याबाई या तिघींवर. जन्म, बालपण, विवाह, कार्य, निधन, आणि शेवटी ‘त्या आजच्या स्त्रियांचे प्रेरणास्थान आहेत’. ३ जानेवारी १८३१, नायगाव. ३१ मे १७२५, चौंडी. तारखा बरोबर असतात. चुकतात त्यासुद्धा सगळ्यांच्या एकसारख्याच. एकदा एका गठ्ठ्यात सावित्रीबाईंच्या निधनाचे साल तिघांनी १८९८ लिहिले होते (प्लेगच्या साथीत त्या गेल्या ते १० मार्च १८९७ रोजी), तेव्हा तिघांनी कोणत्या दुकानातून टायपिंग करून आणले हे विचारायचीही गरज उरली नाही.

मुलांना दोष देऊन भागत नाही. सावित्रीबाईंवर लिहिणाऱ्यांपैकी एकीने मात्र मला चकित केले होते. तिने चरित्र बाजूला ठेवून मा. गो. माळी यांनी संपादित केलेले ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ मिळवले आणि त्यातले एकच पत्र घेतले, २० एप्रिल १८७७ चे. सावित्रीबाईंनी ते जुन्नरजवळच्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले आहे. विषय आहे दुष्काळ आणि सत्यशोधकांचे मदतकार्य. ही मुलगी लातूर शहरातली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा ती शाळेत होती आणि घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिलेली होती. तिने प्रश्न विचारला होता : दुष्काळात सावित्रीबाईंना नेमके काय दिसले, जे सरकारी अहवालात येत नाही? उत्तर तिला नीट मांडता आले नाही. पण प्रश्न तिचा स्वतःचा होता. त्या गठ्ठ्यातले सर्वाधिक गुण मी तिला दिले आणि परतीच्या एसटीत स्वतःवर खूश होते.

खूश होण्यासारखी परीक्षक मी नेहमीच नव्हते. काही वर्षांपूर्वी लातूरच्याच एका विद्यार्थिनीने आपल्या दादीवर प्रकल्प लिहिला होता. सप्टेंबर १९४८ मध्ये, पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत, दादीचा नवरा घराबाहेर पडला तो परतला नाही. दादीने पुढची तीस वर्षे आळीतल्या घरांतले परकर-पोलके शिवून चार मुले वाढवली. एवढीच गोष्ट, तीसेक पानांत. संदर्भसूचीत एकच नोंद : दादी, मुलाखत, घरी.

तोंडी परीक्षेत मी विचारले, “हिचे ऐतिहासिक योगदान काय?”

“चौघांना वाढवलं, मॅडम.”

मी शेऱ्याच्या रकान्यात ‘लिखित साधनांचा अभाव’ असे लिहिले आणि काठावर पास होण्याइतके गुण दिले. नियमाने मी चुकले नव्हते.

आपल्याकडे १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते, हुतात्म्यांची नावे वाचली जातात, आणि ते योग्यच आहे. रझाकारांनी गावोगाव काय केले हे माझ्या आजोळीही सांगितले जाई. पण त्यानंतरचे काही आठवडे आमच्या घरात कुणी सांगितले नाहीत. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस हैदराबाद राज्यात फिरून अहवाल दिला. तो कित्येक वर्षे लोकांसमोर आलाच नाही. त्यात सर्वाधिक होरपळलेले म्हणून चार जिल्हे नोंदवले आहेत : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र जिल्हा झाला १९८२ साली. म्हणजे मी जे लिखित साधन मागत होते ते दिल्लीत फायलीत बंद होते, आणि माझ्यासमोर बसलेल्या मुलीने त्यातलाच एक प्रसंग, एका घरापुरता, लिहून आणला होता. मी तो अहवाल वाचला तोवर दादी वारली होती. प्रकल्पाची प्रतही मुदत संपल्यावर रद्दीत गेली असावी. मी झेरॉक्स काढून घेतली नव्हती.

हे मनात असल्यामुळे गेल्या वर्षी नांदेडमध्ये समोर आलेल्या एका प्रकल्पावर मी जरा जास्तच रेंगाळले. विद्यार्थिनी हदगावकडची. विषय : ‘हैदराबाद मुक्तिसंग्रामातील एक अज्ञात वीरांगना’. ही वीरांगना तिची पणजी, नव्वदी ओलांडलेली. त्या भागात पैनगंगा ही सरहद्द. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे वऱ्हाड, आणि पलीकडे उमरखेडला मुक्तिसंग्रामाचे केंद्र. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटली गेली, त्या काळातली ही धामधूम. रात्री नदी ओलांडणाऱ्यांसाठी पणजी भाकरी करायची. प्रकल्पात लिहिले होते : ‘देशप्रेमाने प्रेरित होऊन त्यांनी जिवाची पर्वा न करता क्रांतिकारकांची सेवा केली.’ या वाक्यात मला पणजी कुठेच दिसेना. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यावरच्या कितीतरी प्रकल्पांत मी हेच वाक्य वाचले होते.

“मुलाखतीची वही आणलीस का?” मी विचारले.

तिने पिशवीतून शंभरपानी वही काढली. त्यात पेन्सिलीने, पणजीच्याच बोलीत : ‘सासू म्हनली भाकरी टाक, टाकले. रोज पायलीचं पीठ. कोन खाल्ले काय की. एक पोरगा ताप घेऊन आला तर त्याला माज्या पोराचं दूध दिले, मग माजं पोर रडले.’ पुढे आणखी चार पाने. दळण किती पहाटे सुरू व्हायचे. चुलीचा धूर रात्री दिसू नये म्हणून सासू काय करायची. सासरा जेलात गेला, त्याला पुढे पेन्शन झाली.

आणि हिला? केंद्राची स्वातंत्र्यसैनिक पेन्शन १९७२ साली सुरू झाली. सहा महिन्यांच्या कैदेची अट पुढे स्त्रियांसाठी तीन महिन्यांवर आली. सवलतच म्हणायची. पण चुलीपुढे बसल्याचा दाखला कुठला तुरुंग देणार? सरकारी यादीत नाव नाही म्हणून संदर्भग्रंथात नाही, संदर्भग्रंथात नाही म्हणून प्रकल्पाला गुण नाहीत. या साखळीतली शेवटची कडी मी होते.

वास्तविक अशी कामे आपल्या शेजारीच झालेली आहेत. हैदराबादच्या ‘स्त्री शक्ती संघटना’ या गटाने तेलंगणच्या सशस्त्र लढ्यातल्या बायकांच्या मुलाखती घेऊन १९८६ मध्ये तेलुगूत पुस्तक काढले. नाव ‘मनकु तेलियनि मन चरित्र’, म्हणजे आपल्यालाच ठाऊक नसलेला आपला इतिहास. त्या बायका पराक्रम सांगतात, आणि लढा संपल्यावर ‘आता घरी जा’ असे ऐकावे लागल्याची कडू आठवणही सांगतात. संपादकांनी ती गाळली नाही. मराठीत ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) लिहिताना आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना घरोघर जाऊन गाठले. हैदराबाद संस्थानात एकत्र असलेले आम्ही शेजारी, पण नांदेड-लातूरच्या आमच्या वाचनयाद्यांत तेलुगू पुस्तकाचे नाव मी कधी पाहिले नाही. मीही ते घातले नव्हते, यंदा घातले.

मुलीला विचारले, “सासूने सांगितले म्हणून केल्या, हे का गाळलेस?”

“मॅडम, मग वीरांगना कशी होईल?”

बरोबरच होते तिचे. तिला शीर्षक आम्हीच दिले होते. मी म्हटले, शीर्षक बदल आणि वही जशी आहे तशी परिशिष्टात जोड, पेन्सिलीची अक्षरेसुद्धा. गुणांच्या तक्त्यात ‘संदर्भसूची’ला रकाना आहे, मुलाखतीच्या वहीला नाही. मी संदर्भसूचीच्याच रकान्यात पूर्ण गुण भरले. कुणी विचारले तर उत्तर देईन.

या वेळी वहीची झेरॉक्स आधी काढून घेतली. दारापर्यंत गेलेली मुलगी परत फिरली.

“मॅडम, पणजी अजून एक बोलली होती, ते मी वहीत पण घेतलं नव्हतं. भाकरी नेणाऱ्यातला एक नंतर, पोलीस अॅक्शन झाल्यावर, गावातल्या मोमीनाचं घर लुटायला गेला होता म्हने. तिनं ओळखलं त्याला. ते पण लिहू का?”