सनदेची शेते आणि कंत्राटी पहारा

धारवाडहून हुबळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अमरगोळ नावाचे लहानसे स्थानक आहे. बनशंकरीचे चालुक्यकालीन देवालय हे या गावाचे जुने भूषण. बाजार समितीचे विस्तीर्ण आवार हे अलीकडचे. शेजारीच नवनगरात हुबळी-धारवाडच्या पोलीस आयुक्तांचे कार्यालय आहे. धान्याच्या पोत्यांना पहारा लागतो, देवळाच्या दागिन्यांना लागतो, सरकारच्या खजिन्यालाही लागतो. आणि पहारा करणाऱ्याचे पोट कोणी भरावयाचे, हा प्रश्न या मुलखात फार पूर्वीपासून विचारला गेलेला आहे.

त्याचे एक जुने उत्तर शेतसनद हे होते. संस्थानिकाने किंवा देसायाने एखाद्या माणसाला सनदेने जमीन तोडून द्यावी. त्याने ती कसावी, आणि हाक येताच ढाल-तलवार घेऊन हजर व्हावे. अशा माणसाला शेतसनदी म्हणत. गढीचा पहारा, खजिन्याची सोबत, गावोगावी निरोप पोचविणे ही त्याची नित्याची कामे. त्याला पगार नव्हता, म्हणून सरकारच्या वहीत त्याच्या नावावर खर्चही दिसत नसे. पण खर्च होतच होता. त्या जमिनीचा जो सारा खजिन्यात यावयाचा, तो पहारेकऱ्याच्या घरी राहत होता, एवढेच.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि या सर्व व्यवस्थांचा हिशेब नव्या धन्यापुढे आला. दक्षिणेचा कमिशनर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात जिंकलेल्या मुलखाच्या कारभाराचा तपशीलवार विचार केला आहे. मोडलेल्या फौजेतली हजारो हत्यारबंद माणसे रिकामी झाली होती. त्यांना एकदम घरी पाठवावे, तर ती रस्ते लुटतील. सर्वांना पोसावे, तर तिजोरीला भार. तेव्हा काहींना शिबंदीत ठेवावे आणि पुढे हळूहळू ती कमी करावी, असा मार्ग पत्करला गेला. पोलिसी कामावर जुनीच माणसे पुन्हा घेण्याचा हा विचार काटकसरीचा नव्हता. तो भीतीपोटी केलेला होता, आणि त्या भीतीला कारण होते.

ते कारण पुणे प्रांतात लवकरच दिसले. पुरंदरच्या परिसरातील रामोशी हे पिढीजात राखणदार. नव्या राज्यात त्यांच्या राखणदारीची जुनी उत्पन्ने तुटली आणि राखणदारच दरोड्याकडे वळले. उमाजी नाईकाचा बंदोबस्त होईना, तेव्हा सरकारने त्याला माफी देऊन जमीन दिली आणि त्याच्याच माणसांसह राखणीच्या चाकरीत घेतले. म्हणजे ज्याच्यापासून मुलूख राखावयाचा, त्याच्याच हाती मुलूख दिला! हा सौदा टिकला नाही. दोघांचे पुन्हा बिनसले. उमाजी पकडला गेला आणि १८३२ च्या फेब्रुवारीत पुण्यास फाशी गेला. त्याला चोर म्हणावे की देशभक्त, हा वाद आजवर चालू आहे. परंतु तो आधी राखणदार होता, ही गोष्ट त्या वादात बहुधा विसरली जाते.

इकडे धारवाडच्या बाजूस तेच नाटक अधिक दारुण रीतीने घडले. कित्तूरचा देसाई १८२४ मध्ये निपुत्रिक वारला. दत्तक नामंजूर झाला; धारवाडचा कलेक्टर थॅकरे फौज घेऊन कित्तूरवर गेला आणि २३ ऑक्टोबर रोजी तेथे मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला. राणी चन्नम्मा बैलहोंगलास कैदेत गेली. किल्ल्याबरोबर त्याच्या शेतसनदींचा आधारही गेला. ज्या चाकरीपोटी जमिनी मिळाल्या होत्या ती चाकरीच राहिली नाही, तेव्हा त्या जमिनींची चौकशी झाली. काही खालसा झाल्या, काहींवर नवा सारा बसला. वहीच्या दृष्टीने हे बिनचूक होते. परंतु सनदेची जमीन हा शेतसनदीचा पगार होता, म्हाताऱ्या बापाचे निवृत्तिवेतन होते आणि गावातली त्याची पतही होती. संगोळ्ळीचा रायण्णा हा असाच एक शेतसनदी. १८२९ आणि १८३० मध्ये त्याने बंड उभारून सरकारी कचेऱ्या जाळल्या. १८३१ मध्ये खानापूर तालुक्यातील नंदगडजवळ त्याला फाशी दिले. कागदावर वाचलेल्या साऱ्यापेक्षा ते बंड मोडण्यास अधिक पैसा लागला नसेल काय?

पुढच्या काळात राज्यकर्त्यांनी दुसरा मार्ग घेतला. १८६१ च्या पोलीस कायद्याने आणि मुंबई इलाख्यातील १८६७ च्या कायद्यांनी पोलीस दल ही सरकारची पगारी, शिस्तबद्ध संस्था झाली. गावचा पाटील आणि वतनी राखणदार तिच्या जोडीला राहिले. हुबळी-धारवाडकडे वतनी गावकामगारांची ती पद्धत १९६१ च्या कायद्यानुसार १९६३ मध्ये संपली. पगाराबरोबर निवृत्तिवेतन आले, आणि त्यामागे एक करार होता. माणसाने ऐन उमेद सरकारला द्यावी, कोणाचे मिंधे होऊ नये, आणि म्हातारपणी सरकारने त्याला उघड्यावर टाकू नये. या करारात मध्यस्थाला जागा नव्हती.

ती जागा कशी निर्माण होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण दूर उत्तर आयर्लंडात सापडते. तेथील जुन्या दलात कॅथलिकांचे प्रमाण शेकडा आठच्या आसपास होते, आणि निम्म्या समाजाचा त्या दलावर विश्वास नव्हता. पॅटन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला; २००१ च्या नोव्हेंबरात दलाचे नाव व रूप पालटले. नव्या भरतीत निम्मे कॅथलिक घ्यावयाचे ठरले आणि जुन्यांना मोठी रक्कम देऊन मुदतीआधी निवृत्त करण्यात आले. या योजनेखाली पाच हजारांवर अधिकारी गेले. सुमारे ५० कोटी पौंड खर्च झाले. समाजात सलोखा व्हावा म्हणून मोजलेली ही किंमत होती, आणि ती कोणी फार मोठी मानली नाही.

परंतु अनुभवी तपासनीस एकदम गेले आणि काम अडले. मग मनुष्यबळ पुरविणाऱ्या खाजगी एजन्सीमार्फत तात्पुरती माणसे घेणे सुरू झाले. २०१२ च्या ऑक्टोबरात तेथील लेखापरीक्षा कार्यालयाने हिशेब प्रसिद्ध केला. २००४ पासून अशा माणसांवर १० कोटी ६० लाख पौंड खर्च झाले होते. २,७४० पैकी १,०७१ जण निवृत्त पोलीस अधिकारीच होते. एका दाराने रक्कम घेऊन बाहेर पडलेले दुसऱ्या दाराने आत आले, आणि त्या दाराशी एजन्सीचे शुल्कही लागले. त्यांपैकी पुष्कळ जण कामात वाकबगार होते, हे नाकारण्याचे कारण नाही. जुन्या हत्यांच्या फेरतपासासाठी २००५ मध्ये नेमलेल्या पथकातही काही निवृत्त अधिकारी होते. पण ज्यांचे आप्त मारले गेले त्यांचा प्रश्न पैशाचा नव्हता. जुन्या दलाच्या कामाची चौकशी जुन्याच दलातील माणसे करणार असतील, तर आम्ही दार कोणाचे ठोठवावे, असे ते विचारीत होते. त्या प्रश्नाला हिशेबाच्या वहीत रकाना नसतो.

आपल्याकडे मध्यस्थाचा अनुभव नवा नाही. पहारेकरी पुरविणाऱ्या एजन्सी मालकाकडून घेत एक आणि रक्षकाच्या हाती ठेवीत दुसरेच, म्हणून महाराष्ट्राने १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांचा कायदा केला. माथाडी-हमालांच्या १९६९ च्या कायद्याचा तो धाकटा भाऊ. नोंदणी मंडळाने करावयाची, रक्षकही त्यानेच पाठवावयाचा आणि वेतनही मंडळामार्फत द्यावयाचे, अशी त्याची रचना. हा विचार शहाणपणाचा होता. २००५ चा केंद्राचा कायदा मात्र दुसऱ्या दिशेला गेला: त्याने खाजगी एजन्सींना परवाने दिले आणि रक्षक निवडताना सैन्यातील, पोलिसांतील व होमगार्डमधील माजी माणसांना अग्रक्रम देण्याची मुभा ठेवली. निवृत्त पोलिसाला ही वाट कायद्यानेच मोकळी केलेली आहे. निवृत्तीनंतर घर चालवावे लागते, मुलीचे लग्न असते. तो त्या वाटेने गेला तर त्याला बोल लावणे बरे नव्हे.

सरकार स्वतः त्या वाटेवर येते तेव्हा विचार करावा लागतो. २०१६ च्या डिसेंबरात महाराष्ट्र शासनाने निवृत्तांना विवक्षित कामांसाठी करारावर घेण्याचे नियम केले. २०२३ च्या जुलैत मुंबई पोलीस दलातील रिक्त पदांमुळे राज्य सुरक्षा महामंडळाकडून ३,००० जवान कंत्राटी रीतीने घेण्याचे ठरले. नियमित भरती होईपर्यंतची ही सोय आहे, असे सांगण्यात आले. हे महामंडळ २०१० च्या कायद्याने झालेले, सरकारचेच. म्हणून तेथे खाजगी मध्यस्थाचा आक्षेप पुरता लागू पडत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारी खात्यांना लागणारी माणसे नऊ खाजगी संस्थांमार्फत घेण्याचा निर्णय निघाला. नोकरीच्या आशेने वर्षानुवर्षे अभ्यास करणारी मुले रस्त्यावर आली आणि २० ऑक्टोबर रोजी तो मागे घेतल्याचे जाहीर करावे लागले.

त्या मुलांपैकी कित्येक जण पोलीस भरतीसाठी पहाटे धावण्याचा सराव करणारे होते. निवृत्त माणूस निवृत्तिवेतन घेऊन पुन्हा त्याच खुर्चीवर बसला, तर त्या खुर्चीवर यावयाचा तरुण मैदानातच राहतो, आणि त्याचे वय भरतीच्या मर्यादेकडे सरकत जाते. शेतसनदीची जमीन निदान मोजता येत होती. चौकशीला आलेला कारकून साखळी टाकून तिचे क्षेत्र सांगू शकत होता.