मध्यंतराआधीची चार गाणी

तारीख २९ एप्रिल २०१६, वार शुक्रवार. सोलापूरच्या एसटी स्टँडवर तुम्ही उतरता तेव्हा दुपारचे दोन वाजून गेलेत आणि तापलेलं डांबर चपला धरून ठेवतंय. उजनी धरण उणे साठ्यात गेलंय. नळाला पुढचं पाणी कधी, याचा हिशेब घराघरात चाललाय आणि शेजारच्या लातूरला तर मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागतंय. बाबासाहेबांच्या १२५व्या जयंतीच्या निळ्या पताका अजून चौकाचौकात आहेत. अशा उन्हात सिनेमाला कोण जाणार, असं तुमच्या मनात येतं. रिक्षावाला मात्र टॉकीजचं नाव ऐकताच मागं वळून बघतो. "सैराटला का? तिकीट हाय का हातात? नसंल तर उगं हेलपाटा व्हईल बघा."

टॉकीजच्या आवारात पाय ठेवायला जागा नाही. खेड्यांतून टेम्पो भरून माणसं आलीत. पोरं आहेतच, पण डोक्यावर पदर घेतलेल्या बाया आहेत, कडेवर लेकरं आहेत, आणि कित्येक वर्षांत टॉकीजची पायरी न चढलेले म्हातारेही आहेत. आजचा पहिलाच दिवस, तरी कोपऱ्यातला पोरांचा घोळका गाणी तोंडपाठ म्हणतोय, अगदी मधल्या म्युझिकसकट.

ही गाणी त्यांच्यापर्यंत पोचली कशी, ते बघायला घड्याळ थोडं मागं घ्या. एप्रिलचाच महिना, नवी पेठेतलं हातभर रुंदीचं मोबाइलचं दुकान. जिओ यायला अजून पाच महिने आहेत. एक जीबी डेटाला अडीचशेच्या आसपास रुपये पडतात, त्यामुळे मोबाइलवर बसून गाणी ऐकण्याची चैन फारशी कुणाला परवडत नाही. लोक दुकानात येतात, मेमरी कार्ड काढून काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "नवी मराठी भर." पाच मिनिटांत कार्ड भरतं. मग ते गावी जातं, तिथं ब्लूटूथवरून किंवा शेअरइटवरून या फोनातून त्या फोनात, ट्रॅक्टरच्या टेपात, पानटपरीवरच्या स्पीकरच्या डब्यात. गाणं हातानं हाती देण्याचे हे शेवटचे दिवस आहेत. तिथल्या कुणाला ते ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून जरा थांबा, घाई करू नका.

दुकानाच्या बाहेरच्या स्पीकरवर 'याड लागलं' सुरू होतं. आधी तारवाद्यांचा मोठा समूह उठतो. एक-दोन व्हायोलिनं नव्हेत, ओळीच्या ओळी. हा आवाज लॉस एंजेलिसजवळच्या सोनीच्या स्टुडिओत रेकॉर्ड झालाय. पूर्वी तो एमजीएम कंपनीचा होता आणि १९३९च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ'चं संगीत त्याच दालनात वाजलं होतं. 'सैराट'चं करमाळा नकाशावर कुठं आहे हे ज्यांना माहीत असण्याचं काही कारण नाही, त्या वादकांनी समोरचे कागद वाचून हे वाजवलं. आणि त्या सगळ्या डौलावर अजय गोगावलेंचा आवाज येतो. तो व्हायोलिनला शोभावं म्हणून स्वतःला जराही घासूनपुसून घेत नाही. गावाकडच्या बोलीत, छातीतून, थोडा फाटत येतो.

या आवाजाची ओळख लोकांना आधीपासून आहे. 'अगं बाई अरेच्चा'मधली 'मल्हारवारी', 'जोगवा'मधलं 'लल्लाटी भंडार', 'नटरंग'मधलं 'खेळ मांडला'. गोंधळ्याची, वाघ्याची, देवापुढं उभं राहून मारलेली ती हाक. अमेरिकेत रे चार्ल्सनं १९५०च्या दशकात चर्चमधली आर्त हाक उचलून प्रेमाच्या गाण्यात आणली. काही भाविक मंडळी रागावली, पण त्यातूनच पुढं 'सोल' नावाचं गाणं उभं राहिलं. देवाला हाक मारणारा गळा माणसासाठी तसाच, तेवढ्याच ताकदीनं वापरायचा, ही त्यातली मुख्य गोष्ट. आपल्याकडं तसं नाव कुणी दिलेलं नाही. पण महसूल खात्यातल्या नोकरदाराची ही दोन मुलं, संगीतकार अजय आणि अतुल, शिरूर, राजगुरुनगर, जुन्नर अशा गावांत वाढलेली, संगीताचं रीतसर शिक्षण न घेतलेली, 'सैराट'मध्ये तेच करतात. खंडोबापुढची हाक नायिकेसाठी, आर्चीसाठी मारतात.

दिग्दर्शक नागराज मंजुळे आणि अजय-अतुल यांची ही दुसरी भेट. पहिल्या वेळी, २०१४ साली लागलेल्या 'फँड्री'साठी, त्यांनी एकच गाणं केलं होतं आणि तेही प्रसिद्धीसाठी. त्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्तांचं होतं. 'फँड्री'च्या जब्यालाही प्रेम झालं होतं, पण त्याच्या वाट्याला डुकरं पकडणं आलं आणि शेवटी हातात दगड आला. दुसऱ्या वेळी नागराजनी दार सताड उघडलं. मासेमारी करणाऱ्या घरातला पोरगा, परशा, पाटलाच्या मुलीवर, आर्चीवर जीव टाकतो, तर त्याला काय द्यायचं? मराठी सिनेमानं अशा पोरांना आजवर बहुधा ढोलकी दिली, विनोद दिला, फार तर सहानुभूती दिली. इथं त्याला अख्खा सिम्फनी ऑर्केस्ट्रा मिळाला. त्याच्या काळजातलं कुठल्याही राजपुत्राच्या काळजाइतकंच मोठं आहे, हे कुणाच्याही संवादात न येता कानाला पटलं. माझ्या दृष्टीनं या चार गाण्यांचं खरं मोल तिथं आहे, शंभर कोटींच्या गल्ल्यात नाही.

आता परत टॉकीजमध्ये या, दिवे मालवलेत. पडद्यावर ओळखीची जमीन आहे. करमाळ्याचा माळ, उजनीचं पाणी, उसाचे आणि केळीचे मळे. अकलूजची रिंकू राजगुरू आर्ची होऊन बुलेटवर बसून येते आणि बायांच्या रांगेतून पहिली शिट्टी ऐकू येते. नववी-दहावीच्या वयातल्या या मुलीला महिनाभरापूर्वीच राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळालाय. प्रेक्षकांना मात्र त्या पुरस्काराचं अप्रूप नाही. ती बोलते ते त्यांचं बोलणं आहे, याचं आहे. 'आताच बया का बावरलं' सुरू होतं तेव्हा श्रेया घोषालचा आवाज, जो एरवी हिंदीतल्या गुळगुळीत महालांत राहतो, पायवाटेवर उतरतो. 'सैराट झालं जी'मध्ये चिन्मयी श्रीपाद आणि अजय एकमेकांना उत्तर देतात.

आणि मग 'झिंगाट'. पहिल्याच ठेक्याला मागच्या रांगा उभ्या राहतात, मग मधल्या, मग तुमच्या शेजारचा. पडद्यापुढची मोकळी जागा भरून जाते. हलगी आणि ताशावर वाढलेल्या पायांना कुणी शिकवावं लागत नाही. एक आजी खुर्चीवर बसूनच दोन्ही हात वर करून हलते. गाणं संपल्यावर "परत लाव, परत लाव" असा गलका होतो. तुम्हीही नाचता. पुढं काय होणार हे तुम्हाला माहीत असूनही नाचता, आणि हे विसरू नका, कारण त्यासाठीच ते गाणं तिथं ठेवलंय.

मध्यंतरानंतर एकही गाणं नाही. चारही गाणी पहिल्या अर्ध्यात संपली. पळून गेलेली पोरं हैदराबादला पोचतात आणि इथं सोलापूरच्या टॉकीजमध्ये असं काही घडतं जे पुण्यात किंवा नाशकात घडणार नाही. पडद्यावर तेलुगू बोलणं सुरू होतं. आर्चीला ते कळत नाही, परशाला कळत नाही. तुमच्या उजवीकडच्या कुटुंबाला मात्र सगळं कळतं. ते पूर्व भागातले, पद्मशाली, आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आलेले. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या या शहराचा मोठा भाग घरात तेलुगू बोलतो. घाबरलेली आर्ची परक्या बोलीत अडकते तेव्हा ही माणसं तिच्या बाजूलाही आहेत आणि त्या बोलीच्या आतही आहेत. शेजारची बाई आपल्या सासूला हळूच काहीतरी सांगते, मग तुमच्याकडं बघून मराठीत म्हणते, "चांगली बाई हाय ती, मदत करणार."

शेवट इथं सांगायची गरज नाही, तो सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलाय. एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. आर्ची-परशाचं लहान मूल दारातून आत येतं तेव्हा पडद्यावरचा आवाज काढून घेतलाय. व्हायोलिन नाही, हाक नाही. ज्या माणसांनी तासा-दीड तासापूर्वी टॉकीज डोक्यावर घेतली होती, ती दिवे लागल्यावर एकमेकांकडं बघायचं टाळत बाहेर पडतात. एक तरुण जिन्यातच बसून राहिलाय आणि त्याचे मित्र त्याला उठवत नाहीत.

पुढचं सगळं पटकन बघून घ्या. सुमारे चार कोटींत झालेला चित्रपट काही आठवड्यांत शंभर कोटींपुढं जातो, मराठीत पहिल्यांदाच. त्याच वर्षी १ जानेवारीला लागलेल्या 'नटसम्राट'चा विक्रम मोडतो. पुढं त्याचे कन्नड, पंजाबी आणि २०१८ साली हिंदीत 'धडक' असे रिमेक होतात.

मे महिन्यात मात्र एकदा सोलापूरहून पॅसेंजर पकडा. मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, कुंकवासाठी प्रसिद्ध केम आणि मग नागराजचं जेऊर. तिथून करमाळा. देवीच्या माळावर कमलाभवानीचं देऊळ आहे, १७२७ साली रावरंभा निंबाळकरांच्या घराण्यानं बांधलेलं. जवळच ९६ पायऱ्यांची विहीर. एरवी नवरात्रात गजबजणाऱ्या या जागेवर आता भर उन्हाळ्यात गाड्या लागल्यात. पुण्या-मुंबईची माणसं पायऱ्यांवर बसून फोटो काढतात आणि 'आर्चीची विहीर कुठली' विचारतात. पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या बाया कडेनं घागरी घेऊन जातात. त्यातल्या एकीला विचारलंत तर ती थांबून सांगते की सिनेमातला अमका पोरगा आमच्या भावकीतला. तिच्या बोलण्यात अभिमान आहे. आपल्या गावाचा उच्चार मोठ्या पडद्यावर चालतो, त्याला हसत नाहीत, हे पहिल्यांदाच कळल्याचा.

तक्रारीही ऐकाव्या लागतील. पाटील असा रंगवला म्हणून काहींना राग आहे. उलट बाजूनं असंही म्हणतात की गाणी इतकी गोड झाली की जातीचा काटा त्यात बुडाला, लोक 'झिंगाट' घेऊन घरी गेले. जुलैत शेजारच्या कर्जत तालुक्यात कोपर्डीत बलात्कार आणि खुनाची भीषण घटना होते आणि वातावरण आणखी तापतं. १५ सप्टेंबरला सोलापूरच्या गणपती मिरवणुकीत लेझीमच्या डावांमधून 'झिंगाट' दणाणतं आणि आठवडाभरात त्याच शहराच्या रस्त्यांवरून मराठा क्रांती मोर्चा घोषणेविना जातो. दोन्ही गर्दीत तीच तरुण पोरं आहेत.

काटा बुडाला, हे मला पटत नाही. लोकांना नाचवून मग त्यांच्याकडून नाच काढून घेणं, हे भाषणापेक्षा कितीतरी कठीण काम आहे. जो नाचला नाही त्याला त्या घरातली शांतता कळलीच नसती. गाणी कमी गोड असती तर 'सैराट' हा एक चांगला, पुरस्कार मिळालेला, रिकाम्या खुर्च्यांपुढं चाललेला चित्रपट झाला असता.

शेवटचा मुक्काम नोव्हेंबरअखेरचा. तुळशीची लग्नं झालीत, माणसांच्या लग्नांना सुरुवात झालीय. पाचशे-हजारच्या नोटा बंद होऊन तीन आठवडेही झालेले नाहीत आणि वरबाप बँडवाल्याशी उरलेल्या पैशांवरून हातघाईवर आलाय. "सुपारी जुन्या नोटांत घेतलीव ना, मग आता काय झालं?" बँडमास्तर शांतपणे म्हणतो, "तवा चालत हुत्या, मालक." शेवटी अर्धे शंभरात, अर्धे चेकनं, असं ठरतं.

वरातीत दोन ट्रम्पेट, दोन क्लॅरोनेट, एक सॅक्सोफोन, ड्रम आणि हातगाडीवर कॅसिओ. नवऱ्याच्या मित्रांची एकच मागणी आहे. मास्तर त्यांना हातानं थोपवतो. "झिंगाट हाय की. दोनदा वाजवतो. पर आधी याड लागलं." पोरं कुरकुरतात, त्याला कुठं नाचता येतं? मास्तर तुमच्याकडं बघतो, कारण तुम्ही एकटेच गप्प उभे आहात. "साहेब, त्याच्या सुरवातीला लई व्हायलिनं हाईत. किती असतील वो?"

"पुष्कळ," तुम्ही म्हणता. "अमेरिकेत वाजवलीत."

"आमच्याकडं क्लॅरोनेट दोन. बसवायला आठ दिस गेले." तो टोपी सारखी करतो, दोघा क्लॅरोनेटवाल्यांना एक बोट दाखवतो आणि नवऱ्याच्या मित्रांना दम देतो, "पुरं वाजल्याबिगर मधी कुणी वरडायचं न्हाई."